मागच्या ब्रेकवर पाय

कोंडपाडा, ता. मुरबाड
२२ जानेवारी २००३

दिनेश,

वर 'श्री' लिहिलेलं नाय. सुतक फिटून दोन महिने झाले, पण तिथे हात गेला नाय. तसाच सुरू करतो.

तू आसनगावला हायवेच्या गॅरेजात लागलास असं मंगळू बोलला. शहापूर काय परदेश नाय, किन्हवलीवरनं एसटी सुटते, मला येता आलं असतं. आलो नाय. तू समोर दिसलास तर माझ्या तोंडातून काय निघेल त्याचा मला भरवसा नाय. म्हणून आंतरदेशीय घेतलं.

दवाखान्याच्या पायरीवर तू मला एकच वाक्य बोलला होतास. 'काका, मी ब्रेक ब्रेक ओरडत होतो, त्याने दाबला नाय.' मी बोललो, मेलेल्या पोरावर ढकलतोस, परत तोंड दाखवू नको. तू नाय दाखवलंस. तेव्हापासून पाड्यात एकच चाललंय, की मोटारसायकलचं पुढचं चाक उचलायचं वेड दिनेशने लावलं, त्यानेच डिवचलं, आणि आता अंगावरचं झटकतो. मी हो बोललो नाय आणि नाय पण बोललो नाय. माझ्या गप्प बसण्याला लोकांनी हो धरलं. तुझ्या आईला कुणी कामाला बोलवत नाय आता. आधी आमच्याच घराने बंद केलं, मग सगळ्यांनी. इतकी वर्षं ठकू आमच्या लावणीला पहिल्या ओळीत असायची, तू आणि आमचा साईनाथ बांधावर चिखल फासून बसायचात.

म्हशाच्या जत्रेला गेलो होतो. खोंडांची जोडी विकायला नेली होती. घरात दाणं-वैरण करायला मन नाय. तिथे पाळण्याचा भोंगा वाजला आणि एक खोंड उधळला. मी दोन्ही हातांनी कासरा मागे ओढला, अंग मागे टाकलं, टाचा रोवल्या. खोंड जागेवर. बाजूची माणसं बोलली, यमाजीचा हात अजून तोच आहे. तोच हात साईनाथचा होता. सात वर्षांचा असताना मी त्याच्या हातात कासरा दिला, कसलंपण मस्तीचं जनावर तो उभं करायचा. अशा पोराला एक लोखंडी गाडी आवरली नाय आणि तू सांगतोस ब्रेक दाबला नाय. मला ते पटत नाय. जोडी न विकता परत आणली.

गाडी पडवीत उभी आहे. आरसा फुटला, बाकी काय झालं नाय तिला. मला ती चालवता येते, दुधाची किटली घेऊन मुरबाडला जायचो ते तू बघितलं आहेस. चाक उचलायचं तेवढं येत नाय. ते मला शिकव. तुझं बोलणं खरं की खोटं ते मी स्वतः बघणार. खोटा निघालास तर पाड्यात सांगेन. खरा निघालास तरी सांगेन.

यमाजी

\*

९ फेब्रुवारी २००३

दिनेश,

तुझं कार्ड आलं. 'काका, हे करू नका, पाया पडतो.' एवढंच. पाया पडायची गरज नाय. माझं वय झालं, अक्कल गेली, असं तुला वाटत असेल. माझी अक्कल जागेवर आहे. बाकीचं काय जागेवर आहे ते मला समजत नाय. सकाळी उठतो, शेण काढतो, चहा घेतो, जेवतो. लोकं बोलतात, यमाजी सावरला. सावरायला आधी पडावं लागतं. मी पडलोच नाय अजून.

ऐक. नाय शिकवलंस तर मी माझं माझं करीन. काल डांबरी रस्त्यावर, पाण्याच्या टाकीच्या चढाला, जिथे ते झालं तिथे गेलो होतो. रेस दिली आणि क्लच सटकन सोडला. चाक उचललं नाय, गाडी नुसती ढेंगा टाकत पुढे गेली आणि बंद पडली. मागनं वडापची जीप आली, ड्रायव्हर शिव्या देऊन गेला. त्याचं बरोबर होतं.

तुझ्या काकूला सांगितलंय की बॅटरी उतरू नये म्हणून गाडी फिरवतो. तिने काय विचारलं नाय. आमी दोघं हल्ली एकमेकाला काय विचारत नाय.

यमाजी

\*

२७ फेब्रुवारी २००३

दिनेश,

परवा मुरबाडच्या स्टँडवर किन्हवली गाडीच्या कंडक्टरने हाक मारली आणि पोतं दिलं. पोत्यात हेल्मेट आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठी मी परत परत वाचली. शाळेत तुझं अक्षर घाण होतं, अजून तसंच आहे.

तू लिहिलंस ते मला समजलं तसं लिहितो, चुकलं तर कळव. डांबरावर नाय करायचं, कापणी झालेल्या शेतात करायचं, थोडा चढ बघून. मागे कुणाला बसवायचं नाय. एकट्याने करायचं नाय, बघायला एक माणूस पाहिजे. बूट, लांब पँट, हेल्मेट. पहिला गियर, गाडी माणूस चालतो तेवढी हळू. उजवा पाय सुरुवातीपासून मागच्या ब्रेकवर, काय झालं तरी तिथून हलवायचा नाय. चाक जास्त वर जातंय असं वाटलं की पायाने ब्रेक दाबायचा, पुढचं चाक आपोआप खाली येतं. आणि पार मागेच यायला लागली तर गाडी सोडून द्यायची, आपण मागे उभं राहायचं. शेवटी तू लिहिलंस, 'उचलायला कुणीपण शिकतो. तुमी आधी खाली आणायला शिका.'

हे शेवटचं वाचून मला एक विचारायचंय. साईनाथला तू हे आधी सांगितलं होतंस की नंतर, ते मला लिही.

आणि दुसरं. तुझ्याकडे हेल्मेट होतं तर तेव्हा त्याच्या डोक्यात का नव्हतं?

हेल्मेट मला मोठं होतं. डोकं हंड्यात घातल्यासारखं वाटतं, स्वतःचाच श्वास ऐकू येतो. तुझ्या काकूने बघितलं. कुणाचं, बोलली. मी बोललो, मुरबाडच्या एका माणसाचं, ठेवायला दिलंय. ती मान हलवून आत गेली.

यमाजी

\*

१६ मार्च २००३

दिनेश,

तुझं पत्र आलं. हेल्मेट तू नंतर घेतलंस, पहिल्या पगारात. बरं. आणि साईनाथला तू आधी उचलायला शिकवलंस, खाली आणायचं तोंडी सांगितलं होतंस, करून घेतलं नव्हतंस. हे तू लपवलं असतंस तरी मला कळलं नसतं. लिहिलंस ते लक्षात ठेवतो. त्यातलं तुझं ते तुझंच आहे, मी ते तुझ्यावरून उतरवणार नाय.

ओढ्याकडच्या शेतात करतो. जमीन टणक झालेय, भेगा आहेत, पण डांबरापेक्षा बरी. पहिले काही दिवस नुसतं चालवलं आणि ब्रेक दाबला. चालवलं, दाबला. शहाणा माणूस बघेल तर हसेल, आणि मंगळू हसला पण. ओढ्यावर म्हशी पाजत होता. बोलला, यमाजीदादा, या वयात सर्कशीत जायचं काय? मग चाक उचललं. वीतभर. ठाप करून खाली. परत वीतभर. मला काय वाटलं ते विचारू नको. काय वाटलं नाय. भाताचं पोतं उचललं की कमरेला जेवढं कळतं, तेवढं कळलं.

बघायला माणूस पाहिजे बोललास. माणूस न बोलावता आला. तुझी काकू बांधावर उभी होती, किती वेळ ते माहीत नाय. मी गाडी बंद केली. ती आली, हेल्मेटच्या काचेवर बोट मारलं, मी काच वर केली. बोलली, "एक गेला. आता तुमी पण जायचं काय?" मी तिला सगळं सांगितलं. तू काय बोलला होतास, मी काय बोललो होतो, आणि मला काय बघायचंय. ती घराकडे गेली. मला वाटलं संपलं, आता गाडीची चावी विहिरीत जाणार.

दुसऱ्या दिवशी मी शेतात गेलो तर ती आधीच तिथे. उडवीतला पेंढा ओढून आणून चढाच्या वाटेवर पसरत होती, गुडघाभर. बोलली, पडायचं तर यावर पडा. वैरण वाया जाईल बोललो तर बोलली, बैलं खातील नंतर, तुमाला चिकटलेली झटकून देईन.

पडलो, दिनेश. त्याच दिवशी पडलो. गुडघा सुजलाय, तेल लावतो. कसा पडलो ते आता लिहीत नाय. मला अजून नीट बघायचंय.

यमाजी

\*

६ एप्रिल २००३

दिनेश,

मागच्या पत्रात जे लिहिलं नाय ते आता लिहितो. लिहिलं नाय कारण एकदाच झालं होतं. आता परत परत झालंय.

चाक वीतभर असतं तोवर पाय माझं ऐकतो. हातभर गेलं, की गाडी उभी राहते, पुढचा रस्ता दिसेनासा होतो, छातीसमोर नुसतं हॅण्डल आणि वर आकाश. आणि अंग मागे घसरतं. त्या वेळेला पाय कुठे असतो ते मला कळत नाय. हात तेवढे कळतात. हात मागे ओढतात. दोन्ही. कासरा ओढावा तसे. जनावर समोर उभं राहिलं की माझे हात आयुष्यभर हेच करत आले. पण गाडीला कासरा नाय. हात मागे गेला की मूठ वळते, मूठ वळली की रेस वाढते, आणि चाक आणखी वर जातं. ते वर गेलं की मी आणखी ओढतो. मग मागे पेंढ्यात, आणि गाडी बाजूला आडवी, मागचं चाक फिरतंय.

तरी माझ्या डोक्यात एक शंका होती. मला वाटलं, मी म्हातारा, एकटा, हेल्मेटमध्ये काय ऐकू येत नाय. साईनाथला तू ओरडून सांगत होतास बोलतोस. ओरडलेलं ऐकू आलं असतं तर त्याने दाबला असता. म्हणजे तू ओरडलाच नसशील.

म्हणून तुझ्या काकूला बांधावर उभी केली. तिला सांगितलं, चाक कमरेएवढं दिसलं की 'ब्रेक' बोलून ओरड, जोरात. ती बोलली, मला ओरडायला जमायचं नाय. सावडलं त्या दिवसापासून तिचा आवाज बसलाय. मी बोललो, प्रयत्न कर.

ती ओरडली. आवाज कसा निघाला मला माहीत नाय, पण ओढ्यापलीकडची गुरं माना वर करून बघायला लागली. मला ऐकू आलं, दिनेश. हेल्मेटमधून, इंजिनावरनं, स्वच्छ ऐकू आलं. शब्द कळला. पाय कशासाठी आहे ते पण आठवलं. आणि हातांनी ओढलं.

पेंढ्यात पडून होतो. ती धावत आली. काच वर करून बोलली, "ऐकू आलं होतं काय?"

"आलं."

ती माझ्या बाजूला पेंढ्यात बसली. ती रडली नाय, मी पण नाय. गाडीतनं पेट्रोल गळत होतं, तिनेच उठून कॉक बंद केला. साईनाथने तिला दाखवला असेल कधीतरी.

तर तू ओरडला होतास. त्याला ऐकू आलं होतं. आणि त्याने दाबला नाय. तू पायरीवर बोललास ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

तो हात मी दिलेला. असं लिहिलं म्हणजे मी छाती बडवून घेतोय असं समजू नको. तो वाईट हात नाय. बैलाला तोच लागतो. चांगला हात होता, चुकीच्या जागी गेला.

यमाजी

\*

२९ एप्रिल २००३

दिनेश,

तीन आठवडे लिहिलं नाय. तू दोन कार्डं टाकलीस, मिळाली. आता बंद करा असं तू लिहिलंस, जे बघायचं होतं ते बघून झालं. तुझ्या काकूला पण मी तेच बोललो. गाडी पडवीत लावली, वर गोणपाट टाकलं.

भाताच्या रोपाच्या जमिनीचे राब भाजायचे दिवस आहेत. सगळा पाडा शेतावर, जिकडे तिकडे धूर. तिथेच सांगितलं सगळ्यांना. दुपारी आंब्याखाली भाकऱ्या सोडल्या होत्या, मी उभा राहिलो आणि बोललो, दिनेश खोटं बोलला नाय, मी स्वतः करून बघितलं. मंगळू बोलला, म्हणजे दादा, साईनाथची चूक बोलताय काय तुमी? मी बोललो, चूक नाय, सवय. आणि त्याला शेतात काय काय झालं ते सांगितलं, हात कसे जातात ते उभं राहून दाखवलं. कुणी हसलं नाय. तिथे बसलेल्या प्रत्येकाने कासरा धरलेला आहे. मंगळूने आपले दोन्ही तळहात उघडून बघितले आणि भाकरीकडे वळला. मी बोललो ते लोकांना पटलं की नाय ते लोकांचं. मी सांगेन बोललो होतो, सांगितलं.

पण ठकूकडे जायला माझे पाय उचलेनात. रोज ठरवायचो, ओढा ओलांडायचो, आणि जांभळाकडून मागे वळायचो. तिला काय बोलायचं? पाच महिने तिची चूल कशी चालली ते मला माहीत आहे, ती लाकडाच्या मोळ्या घेऊन म्हशापर्यंत जात होती. आमच्या दारावरनं जायची, मान खाली घालून. मी ओटीवर असायचो.

शेवटी तुझी काकू गेली. मला न सांगता. आज सकाळी मी गोठ्यात होतो, तर ती आणि ठकू दोघी बांधावरून येताना दिसल्या, पुढे मागे. ठकू अंगणात उभी राहिली. बसली नाय. मी हात धुवून आलो, आणि जे जे ठरवलं होतं त्यातलं एक पण आठवलं नाय. ठकूच बोलली.

"दादा, ती बोलते तुमाला अजून जमलं नाय."

मी बोललो, काय जमलं नाय?

"खाली आणायचं."

मी बोललो, ठकू, ते आता करायचं नाय, जे कळायचं ते कळलं. ती बोलली, माझा पोरगा तिकडे रोज तेच करत बसलाय. गेल्या आठवड्यात ती आसनगावला तुला भेटून आली, ते मला माहीत नव्हतं. तू झोपेत ओरडतोस बोलली. ब्रेक, ब्रेक. सेठ बोलतो, दुसरीकडे झोप. एवढं सांगून तिने पदराने मान पुसली. मग बोलली, कुणाचं तरी एकदा खाली येऊ दे.

गोणपाट काढलं.

शेतात दोघींनी मिळून पेंढा सारखा केला. मी हेल्मेट घातलं, बुटाच्या नाड्या ठकूने दोनदा ओढून बघितल्या, बैलाच्या जुपण्या बघतात तशा. पाय ब्रेकवर ठेवला. दोघी चढावर उभ्या. मी निघालो, रेस दिली, क्लच सोडला. वीतभर. हातभर. रस्ता गेला, आकाश आलं. अंग मागे सरकलं आणि हात निघाले.

तेव्हा ठकू ओरडली. 'दाब रे' बोलली. ब्रेक नाय बोलली, दादा पण नाय बोलली. 'दाब रे, दाब.' ती मला बोलली नाय ते. मला आयुष्यात कधी तिने अरे केलेलं नाय. ती साईनाथला बोलली.

आणि तिथे वेळ असतो, दिनेश. मला वाटायचं वेळच मिळाला नसेल पोराला. वेळ असतो. हात ओढायला जातात आणि ओढतात, त्याच्यामध्ये एक जागा असते, लहान, तिथे बोटं सोडता येतात. मी बोटं सोडली. नुसती ठेवली हॅण्डलवर. आणि पायाने दाबला.

चाक खाली आलं. जोरात नाय, सावकाश, शेळी पुढचे पाय खाली ठेवते तसं. गाडी पुढे गेली, पेंढ्याच्या बाहेर, बांधाच्या अलीकडे उभी राहिली. मी चावी फिरवून बंद केली. उतरता येईना. हेल्मेट तसंच ठेवून मी हॅण्डलवर डोकं टेकलं आणि रडलो. साईनाथ गेल्यापासून पहिल्यांदा. त्यात किती वेळ गेला माहीत नाय. हेल्मेटमध्ये रडू नये कुणी, काही दिसत नाय आणि नाक पुसता येत नाय. दोघी दोन बाजूंना उभ्या होत्या. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, कोणाचा ते मी बघितलं नाय.

मग घरी येऊन तिघांनी चहा घेतला. ठकू ओटीवर बसली. तुझी काकू तिला बोलली, लावणीला पहिली ओळ तुझी, नेहमीसारखी. ठकू हो बोलली नाय. बघू बोलली. ते बरोबर आहे.

तू यावंस असं मी लिहीत नाय. यायचं ते तू ठरव, तो रस्ता तुझ्याच पायाखालचा आहे. आलास तर मी ओटीवरून उठून उभा राहीन एवढं लिहितो. हेल्मेट खुंटीला आहे, मला मोठं होतं, तुझं तू घेऊन जा.

हे पत्र मी दोन दिवसांनी सावकाश लिहिणार होतो. पण ठकू आताच निघताना दारातून मागे वळली. बोलली, "दादा, त्याला आजच लिहा. चाक खाली आलं म्हणून लिहा." म्हणून लिहिलं.

यमाजी